उर्वे, डावीकडची खुर्ची

हेल्दुरने हयातभर जमिनी मोजल्या,
दलदली, बर्चची रानं,
भावाभावांच्या भांडणातले बांध.
निवृत्त झाला
आणि त्याची फीत आमच्याच बैठकीच्या खोलीत शिरली.

आधी काचेचं टेबल गेलं.
खोलीच्या मधोमध उभा राहून त्याने टाळी वाजवली,
एकच,
आणि म्हणाला, ऐक.
मी ऐकलं. टाळी होती.
नाही, तिचं शेपूट ऐक.
खरंच, टाळीला शेपूट होतं,
बारीक, चिरचिरतं,
तापल्या तव्यावर थेंब नाचावा तसं
दोन उघड्या भिंतींमध्ये ये-जा करणारं.

भिंतीवरचा लाल गालिचा
मी वीस वर्षांपूर्वी माळ्यावर टाकला होता,
जुन्या राजवटीचं काहीच नको म्हणून.
तो खाली आला, झटकला गेला,
पुन्हा भिंतीवर चढला.
खिळ्यांची भोकं बुजवायची राहूनच गेली होती,
त्याला ती बरोब्बर सापडली.

मग सोफा. चामड्याचा, उंच पाठीचा.
हा कानामागून बोलतो, असा त्याच्यावर आरोप.
सोफा व्हरांड्यात गेला
आणि मांजर त्याच्याबरोबर गेली, अजून परतली नाही.

पुस्तकं मी उंचीने लावली होती,
शाळेतल्या कवायतीसारखी.
त्याने काही पुढे ओढली, काही आत ढकलली,
विश्वकोश मागे, लोणच्यांच्या पाककृती पुढे,
मध्येच एक फट, मध्येच एक आडवा नकाशा.
सपाट रांग आवाज जसाच्या तसा तोंडावर फेकते म्हणे,
विस्कटलेली असली की वाटून देते.
धूळ पुसताना मी त्या विस्कटण्याला हात लावायचा नाही,
असं ठरलं.

काचकपाटातले पेले
चेलोच्या एका ठरावीक खालच्या सुरावर गुणगुणायचे.
माझी जुनी नमद्याची टोपी कापून
प्रत्येकाखाली एकेक चकती.
(टोपी तशीही मला होत नव्हती.)

खर्ज मात्र ऐकेना.
कोपऱ्यात साठायचा,
बर्फ वितळला की तळघरात पाणी साठतं तसा,
जाड, गढूळ, हलायला तयार नसलेला.
त्या कोपऱ्यात लेइदाचं कपाट होतं.
बहीण गेली त्या हिवाळ्यात मी ते ओढून आणलं,
किल्ली फिरवली
आणि तीन वर्षं उघडलं नाही.

फेब्रुवारीत डांबराच्या गोळ्या ठेवायला उघडलं,
आणि शेगडीवर दूध होतं म्हणून धावले.
दार तसंच राहिलं.
संध्याकाळी चेलो सुरू झाला
आणि हेल्दुरने मान वर केली.
काय केलंस?
काही नाही.
दोन दिवस तो मायक्रोफोन घेऊन फिरला,
गुडघ्यांवर, खुर्चीवर, दाराआड.
तिसऱ्या दिवशी कपाटासमोर येऊन थांबला.
आत अकरा कोट,
लोकरीचे, जाड, खांद्याला खांदा लावून.
त्याने एकाही कोटाला हात लावला नाही.
एवढंच म्हणाला, मिटू नकोस.

लेइदाला संगीताचा मनापासून कंटाळा.
मैफलीत नेली तर शांत जागा बघून
पेपरमिंटचा कागद उलगडायची, सावकाश,
मला हसू यावं म्हणून.
आता रोज साडेसातला तिचे कोट
आमचा जादा खर्ज गिळतात.
एकाच्या खिशात कागद वाजेल, असं मला वाटत राहतं.
खिसे मी तपासलेले नाहीत.

काल त्याची वही उघडी राहिली होती.
बारीक अक्षर, सर्व्हेवाल्याचं:
टेबल नाही: बरं.
गालिचा: वरचे सूर मऊ, थोडे जास्तच.
कपाट उघडं: खर्ज सुटा.
आणि सगळ्यात खाली, पेन्सिलीने:
उर्वे डावीकडच्या खुर्चीत: फरक आहे.
मोजता आला नाही.
पुन्हा बसवून पाहणे.

मी वही होती तशी ठेवली.
साडेसातला दोन स्वेटर घालून बसले.